एका पायावरचा तोल : खुबा, मांडी आणि पोटरी यांची रचना

मनुष्य दोन पायांवर चालतो असे आपण म्हणतो. बारकाईने पाहिल्यास हे विधान पुरेसे अचूक नाही असे आढळते. चालताना एक पाय जमिनीवरून उचलला जातो, पुढे झोकला जातो आणि पुन्हा टेकतो. तेवढा वेळ शरीराचा सगळा भार दुसऱ्या पायावर असतो. नेहमीच्या गतीने चालणाऱ्या माणसाची दोन्ही पावले एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ एकूण काळाच्या सुमारे एक-पंचमांश इतकाच भरतो. उरलेला चार-पंचमांश काळ तो कोणत्या तरी एका पायावर उभा असतो. म्हणून मनुष्याचे चालणे म्हणजे आळीपाळीने एकेका पायावर उभे राहणे होय.

तिवई तीन पायांवर स्थिर राहते. दोन पायांची शिडी भिंतीला टेकवावी लागते. एका पायावर तर कोणतीही उंच वस्तू फार वेळ उभी राहत नाही. आपण मात्र एका पायावर तोल सांभाळतो, आणि तोही पुढे सरकत असताना. पाणी भरणारी स्त्री डोक्यावर हंडा व कमरेवर कळशी घेऊन हेच करते. हे कसे साधते, हा या प्रकरणाचा विषय आहे. खुब्यापासून घोट्यापर्यंतची हाडे व स्नायू यांची रचना या एका प्रश्नाच्या अनुरोधाने पाहिली म्हणजे तिच्यातील बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो.

प्रथम काही शब्द निश्चित करून घेणे इष्ट आहे. व्यवहारात ‘पाय’ हा शब्द कमरेखालच्या सर्व अवयवाला लावतात. शरीररचनाशास्त्र त्याचे चार भाग मानते : नितंब, मांडी अथवा ऊरू, गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची जंघा, आणि पाऊल. जंघेच्या पुढच्या बाजूस नडगी व मागच्या बाजूस पोटरी असते. आपण ज्याला जांघ म्हणतो तो मांडी व पोट यांच्यामधील सांध्याचा भाग निराळा. जांघ आणि जंघा यांची गल्लत होऊ देऊ नये. नितंबाचे हाड जमेस धरल्यास एका बाजूच्या पायात ३१ हाडे असतात. त्यांपैकी २६ एकट्या पावलात असतात. तेव्हा प्रस्तुत विवेचन अवघ्या पाच हाडांचे आहे. परंतु शरीराचा भार पेलण्याचे काम मुख्यतः हीच पाच करतात.

श्रोणी

धडाच्या तळाशी हाडांचे एक भक्कम कडे असते. त्याला श्रोणी म्हणतात. त्याच्या दोन बाजूंना दोन नितंबास्थी असतात. मागच्या बाजूस त्यांच्यामध्ये पाचरीसारखे त्रिकास्थी बसलेले असते. पाठीच्या कण्यातील पाच मणके एकजीव होऊन ते बनते. त्याच्या टोकाला माकडहाड असते. पुढच्या बाजूस दोन्ही नितंबास्थी कूर्चेच्या एका जाड चकतीने एकमेकींना जोडलेल्या असतात.

प्रत्येक नितंबास्थी ही मुळात तीन हाडे असतात. वरचे पसरट हाड ते श्रोण्यस्थी, खालचे व मागचे ते आसनास्थी, आणि पुढचे ते जघनास्थी. कमरेवर हात ठेवून उभे राहिले असता हाताला लागते ती श्रोण्यस्थीची वरची कड. लाकडी पाटावर ताठ बसले असता जे दोन उंचवटे टोचतात ते आसनास्थीचे. बालपणी या तिन्ही हाडांमध्ये कूर्चा असते. ती तिन्ही जेथे मिळतात तेथे नितंबाच्या बाहेरच्या अंगाला एक खोल वाटी तयार होते. तिला उलूखल म्हणतात. उलूखल म्हणजे उखळ. वयात येण्याच्या सुमारास मधली कूर्चा हाडात रूपांतरित होते आणि तीन हाडांचे एक हाड होते.

धडाचा भार कण्यातून त्रिकास्थीवर येतो, तेथे तो दुभंगतो आणि दोन्ही बाजूंच्या उलूखलांकडे जातो. दोन पायांवर उभे असताना ही व्यवस्था कमानीसारखी असते. एक पाय उचलला की कमानीचा एक खांब नाहीसा होतो. मग श्रोणी उचललेल्या पायाच्या बाजूला खाली का झुकत नाही? याचे उत्तर हाडांत मिळत नाही, स्नायूंत मिळते. त्याकडे वळण्यापूर्वी मांडीचे हाड पाहिले पाहिजे.

मांडीचे हाड

ऊर्वस्थी हे शरीरातील सर्वांत लांब हाड आहे. त्याची लांबी माणसाच्या उंचीच्या साधारण एक-चतुर्थांश असते. त्याचा मधला दांडा वेळूप्रमाणे आतून पोकळ आणि बाहेरून घट्ट असतो. त्यामुळे वजन थोडे राहूनही वाकण्याला व पिळण्याला तो उत्तम विरोध करतो. वरच्या टोकाशी गोल गुळगुळीत डोके असते आणि ते उलूखलात बसते. डोके व दांडा यांना जोडणारा अरुंद भाग म्हणजे मान. मान व दांडा सरळ रेषेत नसतात. प्रौढ माणसात त्यांच्यामध्ये सुमारे १२५ ते १३० अंशांचा कोन असतो. मान जेथे दांड्याला मिळते तेथे बाहेरच्या अंगाला हाडाचा एक मोठा उंचवटा असतो. कुशीवर निजले असता जमिनीला टेकतो तो हाच.

ही बाकदार मान पाहून प्रथमदर्शनी वाटते की सरळ खांब अधिक बळकट ठरला असता. परंतु मानेमुळे दांडा सांध्यापासून बाहेर राहतो. त्यामुळे पायाला सर्व दिशांना हलण्यास मोकळी जागा मिळते आणि बाहेरच्या उंचवट्याला जोडलेल्या स्नायूंना तरफेचा लाभ होतो. दांडाही उभा सरळ नसून खाली येताना आतल्या बाजूला कललेला असतो. खुबे एकमेकांपासून दूर असूनही गुडघे जवळ येतात ते या कलामुळे. एका पायावर भार आला असता पाऊल शरीराच्या मध्यरेषेजवळ पडावे, ही सोय यात आहे. चिंपँझीच्या ऊर्वस्थीत असा कल नसतो. दोन पायांवर चालताना त्याला दोन्ही बाजूंना झुलत चालावे लागते.

मानेच्या आतील रचनेविषयी विज्ञानाच्या इतिहासात एक सुंदर प्रसंग नोंदलेला आहे. झुरिच येथे हेर्मान फोन मायर हे शरीररचनाशास्त्राचे, तर कार्ल कुलमान हे अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. ऊर्वस्थीचे वरचे टोक उभे कापल्यास आतील सच्छिद्र हाडाच्या बारीक पट्ट्या ठरावीक वक्र रेषांत मांडलेल्या दिसतात. मायर यांच्याकडील अशा रेषा कुलमान यांच्या पाहण्यात आल्या, तेव्हा भार उचलणाऱ्या यारीच्या वाकड्या बाहूत दाब व ताण ज्या रेषांनी वाहतात त्यांच्याशी असलेले त्यांचे साम्य त्यांना जाणवले. मायर यांनी हे निरीक्षण १८६७ साली प्रसिद्ध केले. पुढे १८९२ साली बर्लिनचे शस्त्रक्रियातज्ज्ञ यूलियस व्होल्फ यांनी असा सिद्धान्त मांडला की, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण बदलत जाते. व्होल्फ यांनी दिलेले काटेकोर गणिती स्वरूप आज मान्य नसले, तरी मूळ कल्पना खरी ठरली आहे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची आणि अंतराळात महिनोन्महिने राहणाऱ्या यात्रिकाची हाडे विरळ होतात. नियमित चालणाऱ्याची टिकून राहतात. हाड ही विटेसारखी निर्जीव वस्तू नव्हे. ते आयुष्यभर मोडत व नव्याने बांधले जात असते.

खुब्याचा सांधा

उलूखल व ऊर्वस्थीचे डोके यांचा सांधा उखळी प्रकारचा आहे. खांद्याचा सांधाही याच प्रकारचा असतो. पण तेथील वाटी उथळ असल्यामुळे हात सर्व बाजूंना फिरतो आणि खांदा सहज निखळतो. खुब्याची वाटी खोल असून तिच्या काठाला कूर्चेची कडा असते. येथे मोकळेपणा काहीसा कमी करून स्थिरता मिळवलेली आहे. सांध्याभोवती बळकट अस्थिबंध असतात. त्यांपैकी पुढच्या बाजूचा, उलट्या इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचा अस्थिबंध शरीरातील सर्वांत मजबूत अस्थिबंध मानला जातो. सरळ उभे राहिले असता शरीराची भाररेषा खुब्याच्या किंचित मागून जाते. त्यामुळे धड मागे झुकू पाहते. ते या अस्थिबंधाने अडवून धरलेले असते. म्हणून स्वस्थ उभे राहण्यास खुब्याशी स्नायूंचे बळ फारसे खर्ची पडत नाही.

जन्मतः उलूखल उथळ असते आणि डोके त्यात नीट बसलेले राहिले तरच ते खोल होत जाते. काही बालकांत डोके वाटीबाहेर सरकलेले असते. हे वेळीच ध्यानात आले नाही तर मूल चालू लागल्यावर लंगडते आणि तरुणपणीच सांधा झिजू लागतो. यावरचा पहिला उपाय अगदी साधा आहे : बाळाच्या मांड्या काही आठवडे फाकलेल्या स्थितीत पट्ट्यांनी ठेवावयाच्या, म्हणजे डोके वाटीत दाबून राहते. याच कारणाने तान्ह्या मुलाचे पाय सरळ करून, एकमेकांना जुळवून घट्ट बांधणे हानिकारक ठरते. ज्या समाजांत मुलाला पाय फाकवून कडेवर किंवा पाठीवर घेण्याची रीत आहे, तेथे हा विकार कमी आढळतो.

नितंबाचे स्नायू

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. नितंबात तीन मोठे स्नायू एकावर एक असे असतात. सर्वांत वरचा महानितंब स्नायू. तो मांडी मागे खेचतो, म्हणजेच वाकलेले धड सरळ उभे करतो. सपाट रस्त्यावरून सावकाश चालताना त्याला फारसे काम पडत नाही. जिना चढताना, धावताना किंवा जमिनीवरून उठताना मात्र त्याचाच आधार असतो.

त्याच्याखाली मध्यनितंब आणि लघुनितंब हे दोन स्नायू असतात. ते श्रोण्यस्थीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून निघतात आणि ऊर्वस्थीच्या बाहेरच्या उंचवट्याला चिकटतात. उजव्या पायावर उभे राहून डावा पाय उचलला की उजव्या बाजूचे हे दोन स्नायू आकुंचन पावतात आणि श्रोणीची उजवी कड खाली ओढून धरतात. त्यामुळे डावी बाजू खाली पडत नाही. एका पायावरच्या तोलाचे रहस्य प्रामुख्याने यांत आहे. वाचकाने दोन्ही हात कमरेखाली बाजूंना ठेवून जागच्या जागी चालून पाहावे. भार असलेल्या बाजूचा स्नायू प्रत्येक पावलाला घट्ट होतो हे बोटांना कळते.

या कामासाठी किती बळ लागते याचा हिशेब तागडीच्या नियमाने करता येतो. समजा, माणसाचे वजन ६० किलोग्रॅम आहे. एका पायाचे वजन शरीराच्या साधारण एक-षष्ठांश असते. उभ्या पायाचे वजन सोडल्यास खुब्यावर सुमारे ५० किलोग्रॅम भार उरतो. हा भार सांध्याच्या केंद्रापासून आतल्या बाजूला सुमारे १० सेंटिमीटरवर पडतो. स्नायू मात्र बाहेरच्या बाजूला जेमतेम ५ सेंटिमीटरवरून ओढतात. तागडीचा एक दांडा दुसऱ्याच्या निम्मा असल्यामुळे स्नायूंना १०० किलोग्रॅमचा जोर लावावा लागतो. खुब्याच्या सांध्यावर हे दोन्ही मिळून १५० किलोग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अडीचपट दाब येतो. हा हिशेब ठोकळ आहे. परंतु प्रत्यक्ष मोजमापेही याच्याशी जुळतात. चालताना हा दाब दर पावलाला येतो व जातो.

हे स्नायू दुबळे झाल्यास काय होते, हे जर्मन शस्त्रक्रियातज्ज्ञ फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली दाखवून दिले. रुग्णाला एका पायावर उभे करावे. उचललेल्या पायाकडची श्रोणी खाली गेली तर उभ्या पायाच्या खुब्यात दोष आहे असे समजावे. ही परीक्षा आजही केली जाते. असा रुग्ण चालताना दर पावलाला धड दुबळ्या बाजूवर झुकवतो, कारण तसे केल्याने भार सांध्याजवळ येतो आणि स्नायूंचे काम कमी होते. बालपणी पोलिओ होऊन गेलेल्या अनेक प्रौढांची चाल अशी असते. भारतात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. त्यापूर्वीच्या पिढ्यांतील माणसे मात्र ती चाल घेऊन आपल्यात वावरत आहेत.

याच हिशेबातून काठीविषयीचा एक उपयुक्त नियम निघतो. खुबा दुखू लागला की बहुतेक माणसे दुखऱ्या बाजूच्या हातात काठी धरतात. ती विरुद्ध हातात धरावी. वरील उदाहरणात विरुद्ध हातातील काठीवर केवळ ५ किलोग्रॅम भार दिला आणि काठी सांध्यापासून ५० सेंटिमीटर दूर असली, तर त्या लांब दांड्यामुळे स्नायूंचे काम निम्मे होते आणि सांध्यावरचा दाब १५० वरून सुमारे ९५ किलोग्रॅमवर येतो. एवढा आराम दुसऱ्या कोणत्याही साध्या साधनाने मिळत नाही.

नितंबातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट जाते. मांडीच्या मागून पायाकडे जाणारा, शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू महानितंब स्नायूखालून उतरतो. नितंबाच्या खालच्या किंवा आतल्या भागात दिलेले इंजेक्शन त्याला इजा करू शकते आणि पाऊल कायमचे लुळे पडू शकते. म्हणून नितंबात सुई टोचावयाची झाल्यास ती वरच्या व बाहेरच्या चतुर्थांशातच टोचली पाहिजे. तान्ह्या मुलांचा नितंब लहान असल्यामुळे त्यांना लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूस देतात.

मांडीचे स्नायू

मांडीत स्नायूंचे तीन समूह आहेत. पुढच्या बाजूस चतुःशिरस्क स्नायू असतो. त्याची चार शिरे खाली येऊन एका कंडरेत मिळतात. गुडघ्याची वाटी या कंडरेतच असते आणि कंडरा पुढे नडगीच्या हाडाला चिकटते. हा स्नायू गुडघा सरळ करतो. जिना उतरताना तो लांब होत होत ताण धरतो आणि शरीर हळूहळू खाली सोडतो. म्हणून तो दुबळा झालेल्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणे अधिक भीतीचे वाटते.

मागच्या बाजूचे तीन लांब स्नायू आसनास्थीच्या उंचवट्यापासून निघून गुडघ्याच्या दोन्ही बाजूंस खाली उतरतात. गुडघा वाकवला असता मागे दोरखंडासारख्या लागतात त्या त्यांच्या कंडरा. गुडघा वाकवणे आणि मांडी मागे नेणे ही दोन्ही कामे ते करतात. चालताना पुढे झोकलेल्या पायाला जमिनीवर टेकण्यापूर्वी आवर घालण्याचे कामही त्यांचेच. धावपटू ऐन वेगात असताना मांडीला मागून हात लावून थांबतो तो बहुधा यांपैकी एखादा स्नायू फाटल्यामुळे.

आतल्या बाजूस मांड्या एकमेकींजवळ आणणारे स्नायू असतात. झाडावर किंवा नारळीवर चढणारा माणूस खोड धरून ठेवतो तो त्यांच्या बळावर. आणखी एक चिंचोळा स्नायू मांडीच्या पुढच्या बाजूवरून तिरपा, खुब्यापासून गुडघ्याच्या आतल्या अंगापर्यंत जातो. तो शरीरातील सर्वांत लांब स्नायू आहे. लॅटिन भाषेत त्याचे नाव शिंपी या शब्दावरून पडले आहे, कारण मांडी घालून बसण्यासाठी पायाच्या ज्या हालचाली होतात त्या सर्वांत तो भाग घेतो आणि युरोपातील शिंपी पूर्वी तसे बसून शिवत असत. आपल्याकडे त्या बैठकीला शिंप्याची गरज नाही. ‘मांडी’ हा एकच शब्द अवयवाला आणि बैठकीलाही पुरतो.

गुडघा

गुडघा हा शरीरातील सर्वांत मोठा सांधा. तो मुख्यतः बिजागरीसारखा उघडतो व मिटतो. ऊर्वस्थीची खालची दोन गोल टोके नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट पृष्ठभागावर टेकतात. गोल वस्तू सपाटीवर स्थिर राहत नाही. ती उणीव दोन अर्धचंद्राकृती कूर्चा भरून काढतात. त्या भार पसरवतात आणि धक्के झेलतात. त्यांच्या बाहेरच्या काठालाच रक्त पोहोचते. त्यामुळे आतल्या भागातील फाट आपोआप भरून येणे कठीण असते. सांध्याच्या मध्यभागी एकमेकांना छेदून जाणारे दोन अस्थिबंध नडगीचे हाड पुढे किंवा मागे घसरू देत नाहीत. कबड्डी किंवा फुटबॉल खेळताना पाऊल रोवलेले असताना शरीर गर्रकन वळले की पुढचा अस्थिबंध तुटण्याचा संभव असतो.

गुडघा पूर्ण सरळ होताना अखेरच्या क्षणी मांडीचे हाड किंचित आत वळते आणि सांधा कुलूप लावल्यासारखा घट्ट होतो. त्यामुळे उभे राहताना चतुःशिरस्क स्नायूला विश्रांती मिळते. गुडघा वाकवण्यापूर्वी त्याच्या मागे असलेला एक लहान स्नायू हे कुलूप काढतो. गुडघ्याच्या वाटीचे काम कप्पीसारखे आहे. ती कंडरेला सांध्यापासून दूर ठेवते आणि तिची ओढ अधिक परिणामकारक करते.

नडगी आणि पोटरी

जंघेत दोन हाडे असतात. आतले जाड हाड नडगीचे. भार जवळजवळ सर्व तेच पेलते. त्याच्या पुढच्या कडेवर केवळ कातडी असते. म्हणून तेथे लागलेला मार झोंबतो आणि हाड मोडल्यास ते कातडी फोडून बाहेर येण्याचा धोका असतो. बाहेरचे बारीक हाड भार थोडाच घेते. त्याचे खालचे टोक मात्र बाहेरचा घोटा बनवते आणि सांध्याला सांभाळते. जबड्याचे हाड काढावे लागलेल्या रुग्णाला नवा जबडा घडवण्यासाठी शस्त्रक्रियातज्ज्ञ याच हाडाचा मधला तुकडा घेतात आणि खालचे टोक जागेवर ठेवतात. माणूस पुन्हा चालू शकतो.

पोटरीत वर दोन शिरांचा फुगीर स्नायू व त्याखाली एक रुंद, चपटा स्नायू असतो. दोन्ही मिळून टाचेच्या हाडाला एका जाड कंडरेने जोडले जातात. चालताना टाच उचलून शरीर पुढे ढकलण्याचे काम ते करतात. उभे असताना शरीराची भाररेषा घोट्याच्या पुढून जाते, म्हणून पुढे पडू नये यासाठी खालचा चपटा स्नायू सतत थोडा ताणलेला असतो. त्याचे दुसरे काम रक्ताभिसरणाचे आहे. तो आकुंचन पावला की पोटरीतील नीलांमधले रक्त हृदयाकडे ढकलले जाते. निश्चल उभे राहण्याने हा पंप बंद पडतो. ज्यांना दिवसभर एका जागी उभे राहावे लागते त्यांनी अधूनमधून टाचा उचलाव्यात, हा सल्ला यावरूनच दिला जातो.

नडगीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूचे स्नायू पाऊल वर उचलतात. त्यांचा मज्जातंतू गुडघ्याखाली बारीक हाडाच्या मानेला वळसा घालून कातडीलगत जातो. कुष्ठरोगात तो अनेकदा निकामी होतो. मग पाऊल लोंबते आणि बोटे जमिनीला घासतात. अशा वेळी पोटरीतील एका निरोगी स्नायूची कंडरा सोडवून पावलाच्या पुढच्या बाजूला जोडतात. थोड्या सरावानंतर रुग्ण पाऊल उचलू लागतो. कुष्ठरुग्णांच्या हातांवर अशी कंडरांची अदलाबदल करण्याचे काम वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० नंतरच्या दशकात सुरू केले होते. तेच तत्त्व पायालाही लागू पडते.

उकिडवे बसणारी माणसे

सवयीचा ठसा हाडांवर कसा उमटतो, याचे एक उदाहरण आपल्याच उपखंडातील आहे. लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवणारे हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ साली पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. खुर्चीवर बसणाऱ्या युरोपीय लोकांच्या हाडांत सहसा न दिसणारे काही गुळगुळीत पृष्ठभाग त्यांना नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकावर आढळले. उकिडवे बसताना घोटा पूर्ण वाकतो आणि हाडाला हाड टेकते; त्यातून हे पृष्ठभाग घडतात. प्राचीन सांगाड्यांचा अभ्यास करणारे आजही या खुणांवरून त्या माणसांची बसण्याची रीत ओळखतात.

या सवयीचा विचार कृत्रिम पायाच्या बाबतीतही करावा लागला. पाश्चात्त्य धर्तीच्या कृत्रिम पावलाला बूट आवश्यक असे आणि ते घालून उकिडवे किंवा मांडी घालून बसता येत नसे. जयपूर येथे शस्त्रक्रियातज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६०नंतरच्या दशकाच्या अखेरीस रबराचे, सर्व दिशांना वाकणारे पाऊल तयार केले. ते घालून अनवाणी शेतात जाता येते आणि जमिनीवर बसता येते. डॉ. सेठी यांना या कार्याबद्दल १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शरीराची रचना आणि समाजाची रीत या दोन्हींचे ज्ञान एकत्र आल्याने हे साधले.

हा तोल केव्हा आला आणि केव्हा जातो

मनुष्याच्या पूर्वजांनी हा तोल फार पूर्वी साधला. इथिओपियात १९७४ साली सापडलेला ‘ल्यूसी’ नावाचा सांगाडा सुमारे ३२ लक्ष वर्षांपूर्वीचा आहे. तिचा मेंदू वानराच्या मेंदूहून फारसा मोठा नव्हता. परंतु तिची श्रोणी आखूड व रुंद आहे आणि ऊर्वस्थी आत कललेली आहे. वानरांत श्रोण्यस्थी उंच व पाठीकडे वळलेली असते. ल्यूसीत ती बाजूला वळल्यामुळे मध्यनितंब स्नायू बाजूने ओढू शकत होता. टांझानियातील लेटोली येथे १९७८ साली उघडकीस आलेले पावलांचे ठसे तर सुमारे ३६ लक्ष वर्षांपूर्वीचे आहेत. मोठ्या मेंदूच्या आधी माणसाला चाल मिळाली, असे यावरून दिसते.

व्यक्तीच्या आयुष्यात मात्र हा तोल हळूहळू क्षीण होतो. वार्धक्यात, विशेषतः स्त्रियांत ऋतुनिवृत्तीनंतर, हाडे विरळ होत जातात आणि त्याच सुमारास स्नायूही बारीक होतात. मग न्हाणीघरात पाय घसरण्यासारखे क्षुल्लक निमित्तही ऊर्वस्थीची मान मोडण्यास पुरते. या मोडीची खरी अडचण रक्तपुरवठ्याची आहे. डोक्याला जाणाऱ्या बहुतेक रक्तवाहिन्या मानेला लगटून वर चढतात. मान मोडली की त्याही तुटतात आणि डोके मृत होऊ शकते. पूर्वी असा रुग्ण अंथरुणाला खिळे, आणि फुप्फुसाचा दाह किंवा शय्याव्रण यांनी दगावे. इंग्लंडमधील डॉ. जॉन चार्नली यांनी १९६२ साली धातूचे डोके व प्लॅस्टिकची वाटी वापरून कृत्रिम सांधा सिद्ध केला. तेव्हापासून झिजलेला खुबा बदलणे शक्य झाले आहे, आणि मान मोडलेल्या वृद्धालाही आता शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत उभे करतात.

तरीही मोड होऊ न देणे हेच श्रेयस्कर. न्हाणीघरात धरण्यासाठी दांडा, रात्री पुरेसा उजेड, ओल्या फरशीवर घसरणार नाहीत अशा चपला, आणि योग्य हातातील काठी या साध्या गोष्टी पुष्कळ काही वाचवतात. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वर्षे वयाच्या सुमारे १,७०० व्यक्तींना दहा सेकंद एका पायावर उभे राहण्यास सांगून पुढे कित्येक वर्षे त्यांची नोंद ठेवण्यात आली. ज्यांना तसे उभे राहता आले नाही त्यांच्यात पुढील काळातील मृत्यूंचे प्रमाण बरेच अधिक आढळले, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात म्हटले आहे. तोल जाणे हे त्या मृत्यूंचे कारण होते असे यावरून सिद्ध होत नाही. शरीराच्या एकंदर सामर्थ्याची ती एक खूण आहे एवढेच म्हणता येईल.

ही खूण ज्याची त्याला घरच्या घरी पाहता येते. भिंतीजवळ उभे राहून, पडल्यास धरता येईल अशा बेताने, एक पाय उचलावा आणि दहापर्यंत सावकाश मोजावे. उतारवयातही रोजच्या सरावाने नितंबाचे व मांडीचे स्नायू बळ धरतात आणि भार मिळत राहिल्याने हाडांची झीज मंदावते. आपण चालू लागलो तेव्हापासून दर पावलाला जे करीत आलो, ते अखेरपर्यंत करता यावे यासाठी एवढी काळजी पुरेशी मोलाची आहे.